ऑफिसातले एक सहकारी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या कुलकर्ण्यांकडे चहा पीत बसलो होतो. "भावोजी, हे गेले…" एवढंच त्या बोलल्या. माझा चेहरा बघून कुलकर्णी म्हणाले, "काय हो, काय झालं?" मी म्हणालो, "ऑफिसातले एक सहकारी वारले." आणि कपातला चहा संपवला.

गेला तो माझा सख्खा मोठा भाऊ, गौतमदादा. विठ्ठलवाडीच्या चाळीत आम्ही एका खोलीत वाढलो. तो दहावीनंतर कारखान्यात फिटर म्हणून चिकटला, मला मात्र शिकायला लावलं. नोकरी लागल्यावर मी कांबळे आडनाव बदलून गावावरून वेरळकर लावलं आणि वर्तकनगरला फ्लॅट घेतला. घर दाखवणाऱ्या एजंटने आडनाव ऐकल्यावर दोनदा फोन उचलला नव्हता, हे कारण खरं आहे. पण पुढे जे केलं ते मला कोणी करायला लावलं नव्हतं.

आम्ही बौद्ध. तरी गृहप्रवेशाला मी सत्यनारायण घातला, शेजाऱ्यांना दिसावा म्हणून. चौरंग, केळीचे खुंट, सगळं विचारून विचारून जमवलं. दादाला बोलावलं होतं, पण ओळख करून दिली ती 'ऑफिसातले सहकारी' अशी. तो दारापाशी खुर्चीवर बसला. गुरुजींनी संकल्पाला विचारलं, "यजमानांचं गोत्र?" नेमकं तेवढंच पाठ करायचं राहिलेलं. बायको नारळाकडे बघत राहिली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काश्यप ना, साहेब? मागे तुम्हीच म्हणाला होता." दर रविवारी विहारात वंदना घेणारा माणूस! गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात, हे त्याने कारखान्यात कुणाकडून तरी ऐकलेलं.

त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. "बाळ्या, पुढच्या खेपेला पाठ करून बस रे," तो हसत म्हणाला, "मी काय दर वेळी असणारे का?" मग जरा थांबून, "आईला मात्र इथे आणू नको हां. तिला नाही जमायचं असलं." त्यानंतर तो कधी घरी आला नाही. मीही ये म्हटलं नाही.

शेवटी भेटलो ते कल्याणच्या हॉस्पिटलात. नर्सने मला विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" मी तोंड उघडायच्या आत दादाने नाकावरचा मास्क बाजूला केला. "साहेब आहेत. ओळखीचे." त्याला वाटलं असावं, माझ्या मागे सोसायटीतलं कुणीतरी उभं असेल. कुणी नव्हतं. तरी मी ते दुरुस्त केलं नाही. त्याला बोलायचा त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो… खरं म्हणजे जीभ उचललीच नाही. इतक्या वर्षांची सवय.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला देण्याआधी वहिनींनी फोन केला. "घरच्यांच्या नावांत तुमचं नाव टाकते. जुनं टाकू का नवं? का… नको?" त्या 'नको'मध्ये राग नव्हता, माझी सोय होती. मी म्हणालो, "संध्याकाळी कळवतो." कळवलं नाही. पत्रिका आली, त्यात दादाच्या मुलीचं, जावयाचं, चुलतभावांचं नाव होतं. माझं नव्हतं. कार्यक्रमाला विहारात मी पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसलो आणि जेवायला न थांबता निघालो.

परवा ती पत्रिका पुन्हा हाती लागली. चुलतभावांच्या वर थोडी जागा होती. तिथे पेनाने माझं नाव लिहिलं, कांबळे आडनावासकट, पुढे 'धाकटा भाऊ'. आणि खाली जाऊन सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावली. आमच्या सेक्रेटरी काळेबाई तिथेच होत्या. चष्मा लावून त्यांनी सगळी वाचली, पेनाने लिहिलेलं दोनदा.

"हे कांबळे… तुमचे कोण?"

"सख्खे मोठे भाऊ."

त्यांनी तारखेची ओळ शोधली. मग पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण अहो, कार्यक्रम तर होऊन गेला की."

"हो," मी म्हणालो. "मला उशीर झाला."