दत्तूच्या डोक्यावरची सॅक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दत्तूला तर — तो स्वतःच तिथे होता, त्याला काय सांगणार?

दत्तू माझा मित्र. पाथर्डीकडचा. लहानपणी आईबापाबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायचा, आता नगरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आम्ही दोघं कितीतरी वर्षं पाठीवर सॅक टाकून डोंगर हिंडतोय. ऑफिसात मी ट्रेकच्या बढाया मारतो. त्यातलं निम्मं दत्तूनं केलेलं असतं, हे सांगत नाही. पण कबुली ती नव्हे. ती — थांबा, सांगतो.

दोन वर्षांपूर्वी रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. काय चालतो हा माणूस! चढावर दम लागत नाही, वाट चुकली तरी चिडत नाही, तीन दगडांची चूल भर वाऱ्यात पेटवतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचनईकडे उतरताना माझा पाय मुरगळला. मी बसलो कण्हत. दत्तूनं टॉवेलला पीळ दिला, त्याची गोल चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"आन ती सॅक हिकडं. उसाच्या मोळीपरीस हलकीच हाय."

स्वतःची सॅक पाठीवर, माझी डोक्यावर. कातळ आला की आधी तो उतरायचा, पाय रोवायचा, मग मला खांदा द्यायचा. असं दोन तास. ओझं जरासुद्धा हललं नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, अगदी मनापासून सांगतो.

खाली गावात, चहाच्या टपरीपाशी आमचे साहेब कुटुंबासह उभे! त्यांनी दत्तूकडे पाहिलं — डोक्यावर ओझं, अंगात घामेजलेलं बनियन.

"हमाल केलात वाटतं?"

काय अवघड होतं? मित्र आहे माझा. तीन शब्द. पण मला लाज वाटली. कुणाची? ज्याच्या खांद्यावर हात टाकून खाली आलो, त्याची. म्हणालो, "हो ना, इथलाच आहे. पाय दुखावला, मग काय करणार?" वर हसलोही.

दत्तू दोन हातांवर होता. त्यानं ऐकलं. सॅक अलगद उतरवली, आणि मला नेहमी अरेतुरे करणारा तो म्हणाला, "सायेब, हितं ठिवू का?"

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून — दुसरं कशासाठी? मग साहेबांची गाडी जाईपर्यंत तो लांब, दगडावर बसून एकटाच चहा प्यायला. मी साहेबांबरोबर भजी खाल्ली.

एसटीत शेजारी बसून त्यानं विचारलं, "पाय लई ठणकतोय का रं?"

त्या दिवसाबद्दल तो कधी एक अक्षर बोलला नाही. मीही नाही. मी माझ्या मित्राला हमाल म्हणालो, आणि मला सांभाळायला तो तेवढा वेळ हमाल झाला.