तात्याबाची नडगी

तात्याबा ड्रेसिंगला आला की मी आधी खिडकी उघडायचे आणि एकावर एक दोन मास्क लावायचे. वीस वर्षं सोलापुरात नर्स आहे, पू-रक्ताची मला नवलाई नाही. पण त्याच्या नडगीला जो वास यायचा, त्यानं दुपारचा डबा घशाखाली उतरत नसे. त्यात घोंगडीचा आणि मेंढरांचा वास वेगळाच. सरळ सांगते, मला त्या माणसाची किळस यायची.

अक्कलकोटकडचा धनगर, साठीचा. शंभर मेंढरांमागं दिवसभर चालायचं, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक. दुधनीच्या रस्त्यावर मोटारसायकलनं उडवलं आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. यानं काय करावं? मेंढराच्या जखमेत भरतात तसा देवाचा भंडारा, म्हणजे मूठभर हळद, आत कोंबली. वर बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पाच महिने काठीच्या आधारानं फिरला. आमच्याकडे आला तेव्हा जखमेतून घाण पाणी वाहत होतं. त्यात हळदीचे गोळे, आणि एकदा तर चक्क लोकर निघाली. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो हसून ऐकून घ्यायचा, त्याचाही मला राग.

डॉक्टर सुबोध शांत माणूस. एक्स-रे दाखवून म्हणाले, "बाबा, आतला हाडाचा तुकडा मेलाय. त्यात रक्तच पोचत नाही, मग औषध कसं पोचेल? तो काढू. पण पुढं सहा आठवडे औषध घ्यायचं. मध्येच सोडलं तर पाय जाईल."

"पाय ऱ्हायला तर मेंढरं ऱ्हातील," तात्याबा म्हणाला. "काढा की."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या आठवड्यात जखम वरून मिटली. वास तेव्हा उरलाही नव्हता, पण किळस माझ्या मनात बसली होती. बाहेर पेशंटची रांग होती आणि मला तो नजरेसमोर नको होता. म्हटलं, "जखम भरली, तात्याबा. बरे झालात. आता यायचं काम नाही."

"आनि गोळ्या, बाई?" त्यानं विचारलं.

मी पुढचं नाव पुकारलं.

मेंढरू पाय टेकून चालायला लागलं की धनगर त्याचं औषध थांबवतो आणि त्याला कळपात सोडतो. तात्याबानं स्वतःलाही तसंच सोडलं. उरलेल्या गोळ्या त्यानं एका लंगड्या मेंढीला चारल्या, हे मला नंतर कळलं.

सात महिन्यांनी त्याची बायको मायाक्का त्याला रिक्षातून घेऊन आली. नडगीला दोन भोकं पडली होती आणि दोन्हींतून पू येत होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हाड खालपर्यंत सडलं होतं, गुडघ्याखाली पाय काढण्याशिवाय इलाज नव्हता. मायाक्का भिंतीला टेकून खाली बसली. "आता मेंढरांमागं कोन जानार?" एवढंच म्हणाली.

डॉक्टर पहिल्यांदाच चिडलेले पाहिले. "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तात्याबानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून ट्रेमधली कात्री सरळ करत राहिले.

"कोन न्हाय, डाक्टर," तो म्हणाला. "मलाच येडं सुचलं."

मला माझीच शिसारी आली. तरीही मी बोलले नाही.