भावाची किडनी आणि पिवळ्या फुलांच्या गोळ्या

तिला सगळे कवळीताई म्हणायचे, कारण ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत प्लास्टरच्या धुळीत बसून मेणावर एकेक दात लावायचा, मग साचा, मग कड घासत बसायचं, म्हाताऱ्या हिरडीला टोचता कामा नये. अर्धी गल्ली हिच्याच दातांनी हसते, असं तिचा दादा म्हणायचा.

दादा टेम्पो चालवायचा. तोंडाचा पट्टा चालूच, आणि पोटात किडनी एकच. दुसरी ताईच्या पोटात. तिच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा तपासण्या जुळल्या आणि हा सरळ जाऊन टेबलावर झोपला. नंतर त्याचं सामान उचलणं बंद झालं, हमाल ठेवावा लागला, पण कुरकुर म्हणून नाही. उलट रोज फोन.

"काय म्हणतोय माझा भाडेकरू?"

"मजेत आहे. भाडं मात्र मागू नकोस."

आणि फोन ठेवला की ताई रडायची.

का ते तिचं तिलाच कळेना. किडनी झकास चाललेली, काम परत सुरू झालेलं, आणि तरी सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. हातात दात घेऊन नुसती बसून राहायची. सांगणार तरी कुणाला? भावाने पोट फाडून दिलं आणि हिने म्हणायचं, माझं जगण्यात मन लागत नाही? जीभ झडेल. डॉक्टरांना सांगावं तर तपासणीला दादा शेजारीच.

गल्लीच्या टोकाला झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं. दुकानदार अगदी साखरेत घोळलेला.

"मनासाठी ना? या घ्या, पिवळ्या फुलांच्या वनस्पतीच्या आहेत. बीपी, शुगर काही?"

"नाही."

"मग डोळे झाकून घ्या. नैसर्गिक आहे, अपाय होतोच कशाला."

किडनीचं त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बाटली पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला खरंच बरं वाटायला लागलं. काम करता करता गुणगुणायला लागली बाई.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून जी गोळी असते, तिचं रक्तातलं प्रमाण पार खाली आलेलं.

"गोळ्या चुकवताय का?"

"नाही हो."

"दुसरं काही घेता? काढा, चूर्ण, काहीही?"

ताईने तोंड उघडलं, आणि दादा मध्येच भडकला. "डॉक्टर, घड्याळ चुकेल, माझी बहीण गोळी चुकवायची नाही. आणि काढे कसले, वासानेच उलटी होते हिला. तुमचं मशीन बघा आधी."

आता बाटली काढायची म्हणजे त्याला तोंडघशी पाडायचं, आणि कशासाठी घेते तेही सांगायचं. ताईने पर्स मांडीवर घट्ट दाबून धरली.

"नाही, काही नाही घेत," ती म्हणाली.

घरी येऊन तिने त्या गोळ्या बंद केल्या. थोडे दिवस. मग छातीवरचा तो दगड परत आला आणि तिने परत सुरू केल्या. फुलंच तर आहेत, फुलांनी काय होणार! डॉक्टरांनी खऱ्या गोळीचा डोस वाढवला, उपयोग नाही. पाय सुजले, लघवी कमी झाली, ॲडमिट करावं लागलं. तेव्हा कुठे तिने बाटली काढून पलंगावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं आणि खुर्ची ओढून बसल्याच. "अहो, हे झाड लिव्हरला असं कामाला लावतं की ते तुमची खरी गोळी भराभर मोडून टाकतं. तुम्ही वेळेवर घेत होतात, पण अंगात टिकतच नव्हती." मग दमल्यासारख्या म्हणाल्या, "मनाचं मला सांगितलं असतंत तर चालणारं औषध होतं हो."

इंजेक्शनं दिली, जे जे होतं ते सगळं केलं. किडनी गेली ती गेलीच.

"दादांना मी सांगू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको. मीच सांगते."

दादा पलंगाच्या कडेला बसला होता. तिने सगळं सांगितलं, दुकान, बाटली, त्या दिवशीची पर्स. तो बाटली हातात फिरवत राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तू रोज हसत फोन करायचास."

"तू रडू नयेस म्हणून हसायचो ना गं."

तो उठला, बाटली उशीजवळ ठेवली आणि खोलीबाहेर गेला.

दुपारी तिला डायलिसिसला नेलं. सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या. खिडकीतून खाली पार्किंग दिसत होतं. दादा टेम्पोत बसलेला, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मशीन चाललं तेवढा वेळ ती बघत राहिली. तो निघून गेला नाही. आणि वरही आला नाही.