बाबांनी मिळवून दिलेली सुट्टी

आमच्या आमदारसाहेबांना विरोधक म्हणून कोणी उरलेच नव्हते. काही त्यांच्या पक्षात गेले होते, काही जायच्या तयारीत होते, आणि बाकीच्यांना ऐन अर्ज भरायच्या वेळी स्वतःच्या ब्लडप्रेशरची आठवण झाली. पोटनिवडणूक बिनविरोध होणार, म्हणजे मतदानच होणार नाही, हे कळल्यावर माझे वडील भडकले. बँकेतून निवृत्त झालेल्या या माणसाने आयुष्यात एकही मतदान चुकवलेलं नाही. "मला जिंकायचं नाहीये, मत द्यायचंय," म्हणाले आणि शेवटच्या दिवशी अपक्ष म्हणून उभे राहिले. सूचक म्हणून चाळीतल्यांनी भराभर सह्या दिल्या. अर्ध्यांना तो पाण्याच्या तक्रारीचा अर्ज वाटला.

साहेबांची माणसं घरी आली. "काका, या वयात कशाला दगदग? मागे घ्या ना." बाबांनी त्यांना चहा पाजला, अर्ज मात्र मागे घेतला नाही.

मग चाळीच्या गेटवर साहेबांचा फ्लेक्स लागला. आमच्या गणपती मंडळाच्या सेक्रेटरीने दरवर्षीच्याच फ्लेक्सची फाईल काढून बाप्पाच्या जागी साहेब बसवले होते. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत बाबा, हात जोडून! मंडळाचे जुने सल्लागार ना ते. एकुलता एक विरोधी उमेदवार 'साहेबांचा विजय निश्चित' म्हणत हसत होता. बाबांच्या प्रचाराचा अख्ख्या लालबागमध्ये लागलेला फोटो तेवढाच. मी चिडून सेक्रेटरीला फोन केला, तर म्हणाला, "अगं, कोणाचा फोटो राहून गेला की रुसवेफुगवे होतात ना!"

मतदान बुधवारी होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच महापालिकेच्या शाळेत गेले. मी आणि आई सोबत होतो. केंद्रावरचे कर्मचारी आम्हाला बघून उठून उभे राहिले, इतकं सामसूम होतं. चाळीत परतलो तर निम्म्या खोल्यांना कुलपं. लोकशाहीने दिलेल्या भरपगारी सुट्टीला दोन रजा जोडून मंडळी अलिबागला गेली होती. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत गेटकडे बघत बसले.

रविवारी सेक्रेटरी रापलेल्या चेहऱ्याने दारात हजर. "काका, थँक्यू हां! तुम्ही उभे राहिलात म्हणून सुट्टी मिळाली. पुढच्या वेळी पण राहा."

"मत दिलंस?" बाबांनी विचारलं.

"काय काका! निकाल तर ठरलेलाच होता."

बाबा एरवी आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलतात. फार लागलं की मालवणी येते.

"मगे मी कित्याक उभो रवलंय रे?"

सेक्रेटरीने अलिबागहून आणलेल्या सुकटीची पिशवी आईपुढे धरली. आईचा सुकटीवर जीव आहे. तिने हात पुढे केला नाही.