फर्दापूरच्या घाटासाठी गिअरबॉक्स

मंगळवारी सकाळी नाशिक सोडताना माझ्या मेहुण्यानं, शिरीषनं, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. ज्या गाडीनं गेल्या वर्षी भर घाटात दगा दिला, तिलाच नमस्कार. शहाणी माणसं वेरूळ-अजिंठा बघायला संभाजीनगरला जातात. आम्ही निघालो होतो गिअरबॉक्स बदलायला.

शिरीष मधमाश्या पाळतो. फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्या या शेतातून त्या शेतात नेतो. अपघातात त्याचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबता येत नाही, म्हणून चारही चाकांना जोर मिळणारा ऑटोमॅटिक पिकअप घेतला. गेल्या वर्षी फर्दापूरहून अजिंठ्याकडे चढताना गिअरबॉक्सचं तेल उकळलं आणि गाडी उन्हात बसली. बंद पेट्यांमध्ये निम्म्या माश्या गुदमरून मेल्या. यंदा त्याच्याकडे उरलेल्या चाळीस पेट्या फर्दापूरच्या सूर्यफुलात होत्या. शुक्रवारी सकाळी शेजारच्या शेतात विषारी फवारणी होणार होती. त्याआधी पेट्या उचलून घाट चढायचा आणि पिशोरच्या कांदाबियाण्याच्या प्लॉटवर उतरवायच्या. म्हणजे गुरुवारपर्यंत मजबूत गिअरबॉक्स बसायला हवा.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता आणि निवृत्तीनंतर तो छंद झाला. "दाजी, सोबत चला, तुमचं लक्ष असलेलं बरं," असं शिरीष म्हणाला आणि मला ते पटलं.

वैजापूरला चहाला थांबलो. चहा कसला, गूळवणीच. हॉटेलवाल्याला तसं सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "मग साखर कमीची बोलायचं की, काका." माझीच चूक काढून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. संभाजीनगरात शिरताना धूळ, उड्डाणपूल आणि उलट्या दिशेनं येणाऱ्या रिक्षा यांनी स्वागत केलं. एका रिक्षावाल्यानं तर मलाच हात करून बाजूला व्हायला सांगितलं.

चिकलठाण्याच्या बाजूला इलियासभाईंचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, तेलकट जमीन आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं. इलियासभाई साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी दाखवलेला गिअरबॉक्स याच कंपनीच्या एका जड गाडीचा होता. ती गाडी मागून ठोकली गेली होती, पण हा भाग शाबूत होता.

"म्हणजे भंगार," मी म्हणालो.

"भंगार नक्को बोलो साब," इलियासभाई म्हणाले. "माणूस रिटायर झाला म्हणून भंगार होतो का?"

शिरीष हसला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा चार बोटं लांब निघाला. त्यामुळे मागच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा लेथवर कापून आखूड करावा लागला, पुढचा दांडा लांब करावा लागला, खालची आडवी पट्टी मागे सरकवावी लागली. तेल थंड ठेवायला समोर एक वेगळी जाळी बसली. मी स्टुलावर बसून प्रत्येक माप दोनदा विचारत होतो. इलियासभाई प्रत्येक वेळी तेच माप सांगत. संध्याकाळी शिरीषनं मला शहागंजच्या बाजूला नान-कलिया (जाड नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला नेलं. तिखट फार आहे अशी तक्रार करत मी दोन वाट्या संपवल्या.

बुधवारी सकाळी गिअरबॉक्स गाडीत चढवायची वेळ आली आणि बायकोचा, म्हणजे शिरीषच्या बहिणीचा, फोन आला. गेल्या वर्षी पूजा केली नव्हती म्हणून तसं झालं, यंदा बसवण्याआधी करा. मी कपाळाला आठ्या घातल्या. यंत्राला कुंकू कसलं लावायचं? पण शिरीषनं पिशवीतून हळदकुंकू, कुंकवात भिजवलेल्या अक्षता आणि नारळ काढला. घरातलं मोठं माणूस म्हणून पूजा माझ्याच गळ्यात पडली. इलियासभाईंनी आपणहून हात धुतले, चपला काढल्या आणि बाजूला उभे राहिले.

"जरा ठैरो साब," ते म्हणाले, "तेल भरायचं तोंड उघडं आहे. चिंधी लगाता मैं."

"तुमच्या चिंधीसाठी मुहूर्त थांबत नाही," मी म्हणालो. मला मुहूर्ताशी काही देणंघेणं नव्हतं. नुसतं उरकायचं होतं. मी मूठभर अक्षता लांबूनच फेकल्या आणि नारळ फोडला. इलियासभाईंनी वाकून दिसत होते तेवढे दाणे वेचले.

दुपारी गाडीत वाळूची पोती भरून शहराबाहेर चौका गावाजवळच्या चढावर चाचणीला गेलो. सुरुवातीला गाडी मस्त ओढत होती. अर्ध्या चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाकं ढिम्म. थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा तेच. शिरीषचा चेहरा पांढराफटक पडला. कशीबशी गाडी परत आणली.

मग मी तोंड सोडलं. गॅरेजात तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्या देखत. अपघातातली हाडं लोकांच्या गळ्यात मारता, वर रिटायर माणसाच्या गोष्टी सांगता, लाज कशी वाटत नाही, असं बरंच. शाळेतला आवाज अजून शाबूत आहे, याचा मला त्या क्षणी अभिमानही वाटला. इलियासभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"खोलून बघू, साब," एवढंच ते म्हणाले. पण तेल कडकडीत तापलं होतं. उघडायचं काम गुरुवारवर गेलं.

गुरुवारी त्यांनी खालचं भांडं उतरवलं. आत तेल वर खेचणारी एक बारीक जाळी असते. तिच्या तोंडाशी तांदूळ चिकटले होते. लालभडक, वीस-पंचवीस दाणे. तेलही लालच, त्यामुळे मला आधी दिसले नाहीत. इलियासभाईंनी ते एकेक करून कागदावर ठेवले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"ये हमारी बिर्यानी के नई हैं, साब."

गिऱ्हाइकं हसली. इलियासभाई हसले नाहीत. त्यांना काल ते दाणे दिसले नव्हते, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. सगळं धुऊन काढावं लागलं. नवं तेल जालन्याहून अंधार पडल्यावर आलं. फर्दापूरला पेट्यांची राखण करणाऱ्या आनंदाला शिरीषनं फोन केला. फवारणीचा ड्रोन भाड्याचा, पाळी पुढे ढकलता येणार नव्हती. "पहाटे पेट्यांची तोंडं ओल्या गोणपाटानं बंद कर," शिरीष म्हणाला. "जमेल तेवढ्या."

शुक्रवारी उजाडता उजाडता तेल भरून निघालो. सिल्लोड मागे पडलं, अजिंठा गाव आलं, गाडी लोण्यासारखी घाट उतरली. फर्दापूरला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि ड्रोनवाला आपलं सामान आवरत होता.

आनंदाचा एक डोळा सुजून बंद झाला होता. "अठ्ठावीस बंद केल्या, दादा," तो शिरीषला म्हणाला. "मग लई चावल्या. पुढं दिसतच नव्हतं. बारा राह्यल्या."

त्या बारा पेट्यांपुढे माश्यांचा ढीग पडला होता. काही अजून जागच्या जागी गरगरत होत्या. शिरीष अधू पाय लांब करून जमिनीवर बसला आणि हातानं माश्या बाजूला सारू लागला. मी म्हणालो, "शिरीष, माझं चुकलं." तो म्हणाला, "चला दाजी, बाकीच्या उन्हात राहतील."

आम्ही चाळीसच्या चाळीस पेट्या चढवल्या, मेलेल्याही. घाट गाडीनं एका दमात चढला. तेलाच्या तापमानाचा काटा हललासुद्धा नाही. मागून अठ्ठावीस पेट्यांचा गुणगुणाट ऐकू येत होता. पिशोरच्या पांढऱ्या फुलांत त्या उतरवल्या, तेव्हा शेतकऱ्यानं विचारलं, "बारा अशाच परत नेता व्हय?" शिरीष म्हणाला, "व्हय, रिकाम्या आहेत."

परतीच्या वाटेवर मी इलियासभाईंकडे गेलो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे नीट जमली नाही. त्यांनी आधी विचारलं, "मक्ख्या पोचल्या?" मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

घरी आल्यावर शिरीषनं बहिणीला सांगितलं, "काम एक दिवस लांबलं, बारा पेट्या गेल्या." त्यापुढे एक अक्षर नाही. तेव्हापासून आमच्या घरी, सासुरवाडीत, लग्नकार्यात त्या संभाजीनगरच्या मेकॅनिकचा उद्धार चालतो. कसा निष्काळजी, कसा कामचुकार. मी पंगतीला बसलेला असतो. वरणभात कालवत असतो. आजवर एकदाही मी कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही.