खालच्या खोलीतला भाडेकरू

पांढुर्ण्यात खोली पहिल्यांदाच भाड्यानं देत होतो, म्हणून आलेल्या प्रत्येकाला ठाणेदारासारखं उलटसुलट विचारायचो. हा मात्र माझ्या टोपीकडंच पाहत राहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून आमचं गाव आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. म्हणून मी दरडावून विचारलं, "गोटमारीत कोन्या बाजूनं असता?"

"सावरगावच्या, भाऊ," तो मऊ आवाजात म्हणाला. "टोपीखालची खोक भरली न जी? नेम माझाच होता."

मी घाबरून तिथंच चावी दिली.

भाडेकरू गुणी निघाला. बोलणं हळू, चाल त्याहून हळू. पण पोळा जवळ आला की अंगणात बसून गोटे निवडतो. एकेक हातात तोलतो, वर माझ्याकडं पाहतो आणि हसतो.

"भाऊ, खाली या नं. एकटाच बसून राहिलो."

"चहा पाठवतो जी," मी गॅलरीतूनच म्हणतो.