अविवाहित असल्याचा दाखला

सैन्यभरतीत आमच्या ह्यांची उंची बसली, छाती फुगत होती, सोळाशे मीटर तर उस्मानपुऱ्यातली सगळी पोरं मागं टाकून मारायचे. लेखी परीक्षा बी पास झाले, अन् मग कळलं की अग्निवीर व्हायला लग्न झालेलं चालत नाय. सरपंचाचा दाखला लागतो, फोटो लावून, की पोरगा अविवाहित हाय.

अन् आमचं लेकरू तर आठ महिन्याचं.

सासू म्हणली, गावचा सरपंच आपलाच माणूस, देईल लिहून. मला बी सोबत धाडलं, लेकराकडं बघून माणूस पाघळतो म्हणली. निघताना माझ्या गळ्यातली मंगळसूत्राची पोत तेवढी काढून ठेवली तिनं. नववीतून उठवलेली मी, मला वाटलं असंच करत असतील.

वैजापूरकडं गाव. सरपंचाच्या ओट्यावर चार माणसं चहा पीत बसलेली. सरपंचांनी कागद वाचला अन् चष्मा काढला.

"अरे, तुझ्या लग्नात पंगत वाढलीय मी. बुंदी कमी पडली तर तुझ्या बापानं मलाच दुकानावर पिटाळलं."

"आता दुसऱ्या लग्नात जिलेबी ठेव," एक जण म्हणला. सगळे हसले.

हे खाली बघत म्हणले, "काका, कोण चौकशी करतंय. एक सही द्या, लेकराचं कल्याण होईल."

"कोणाच्या लेकराचं?"

मग सरपंच माझ्याकडं वळले. "सूनबाई, तू सांग. ह्याचं लग्न झालंय का?"

ह्यांना एकवीस बी पूर्ण नाय, झालं म्हणावं तर पोलिसात देतील का काय, अन् नोकरी जाईल ती वेगळीच. ह्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं.

"नाय झालं," मी म्हणले.

आता कोणी हसलं नाय. सरपंचाची बायको दारात होती, तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं, मग लेकराकडं, अन् आत निघून गेली. लाजेनं मला वर बघवंना. सरपंचांनी कागदाची घडी घालून ह्यांच्या हातात दिली, सही न करता. "हिला घरी ने," एवढंच म्हणले.

एसटीत हे खिडकीकडं तोंड करून बसले. तसंच बसून म्हणले, "लेकराला आणायलाच नको होतं."

लेकरू माझ्या पदराखाली दूध पीत होतं. अन् मी बी म्हणले, "व्हय, नको होतं."